राग गाडी बघून येतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्त्यावरच्या बाचाबाची आणि मारामाऱ्यांवर आपल्या दैनिकात चाललेला पत्रव्यवहार मी वाचते आहे. बहुतेक पत्रांचा सूर एकच: गर्दी, उकाडा, कामाचा ताण, त्यात कुणी गाडी आडवी घातली की माणसाचा ताबा सुटणारच. मी मोटार ड्रायव्हिंग शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर असते, पायाशी माझा वेगळा क्लच आणि ब्रेक. त्यामुळे चिडलेली माणसं मला गाडीच्या आतही दिसतात आणि बाहेरही. माझा अनुभव असा की हा सुटलेला ताबा फार हिशेबी असतो.

आमच्या गाडीला मागेपुढे लाल रंगातला मोठा 'एल' आहे. शिकाऊ माणूस सिग्नलला गाडी बंद पाडणार, हे मागच्याला आधीच कळावं म्हणूनच तो लावलेला असतो. प्रत्यक्षात होतं उलटं. दिवा हिरवा होतो, शिकणारी बाई क्लच अर्धा सोडते न सोडते तोच मागून हॉर्न. तो एकदा वाजून थांबत नाही, अंगठा दाबून धरलेलाच असतो. बाई घाबरते, क्लच झटक्यात सुटतो, गाडी आचका देऊन बंद पडते. मग मागचे गृहस्थ बाजूने गाडी काढतात, आमच्या बरोबरीने आणून काच खाली करतात आणि जे काही सुनवायचं ते सुनावतात. तेच गृहस्थ पुढच्या चौकात दिसतात. तिथे पोलिसांची व्हॅन अर्धा रस्ता अडवून उभी असते. तिच्यामागे ते हू की चू न करता थांबलेले. ऑफिसला उशीर तेवढाच, ऊन तेवढंच, गर्दी तर उलट जास्त. ताण मग त्या एका चौकात गेला कुठे?

हा काही माझाच शोध नाही. अँथनी डूब आणि अॅलन ग्रॉस या दोन अभ्यासकांनी कॅलिफोर्नियात हे मुद्दाम करून पाहिलं होतं. त्यांचा निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाला तरी आपली गाडी हलवायची नाही आणि मागचा काय करतो ते मोजायचं, एवढाच प्रयोग. कधी गाडी नवी, महागडी, धुऊन चकचकीत केलेली, तर कधी जुनी खटारा. खटाऱ्यामागे अडकलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांनी हॉर्न वाजवला, महागड्या गाडीमागे ५० टक्क्यांनी, आणि तेही उशिरा. गंमत म्हणजे याच अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना नुसतं विचारलं, तेव्हा मुलगे सांगत होते की भारी गाडीवाल्यावर आम्ही आधी हॉर्न वाजवू!

उकाड्याबद्दलही थोडं. पत्रलेखकांचं त्या बाबतीत चूक नाही. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात अशीच गाडी उभी करून केलेला अभ्यास १९८६ साली छापून आला. पारा चढेल तसे हॉर्न वाढले, आणि ज्यांच्या गाडीच्या काचा उघड्या होत्या, म्हणजे ज्यांना एसी नव्हता, त्यांचे जास्त वाढले. पण उकाडा माणसाला चिडका करतो म्हणजे कुणावर चिडायचं तेही उकाडाच ठरवतो, असं नाही.

तोंड लपलेलं असलं की माणूस शूर होतो, हेही मी रोज बघते. टप काढता येणाऱ्या मोटारींच्या चालकांवर १९९५ साली एक अभ्यास झाला होता. टप बंद असलेल्यांनी हॉर्न लवकर वाजवला, जास्त वेळा वाजवला, जास्त वेळ वाजवला. ज्यांचा टप उघडा, म्हणजे चेहरा चारचौघांत उघडा, ते मात्र जास्त सबुरीने वागले. म्हणून मी शिकणाऱ्यांना सांगते, चूक झाली असेल तर हात वर करा. मागच्याला हात दिसला पाहिजे. हात दिसला की समोर 'एल'ची पाटी नाही, माणूस बसलाय, हे त्याला आठवतं. दर वेळी चालतं असं नाही, पण पुष्कळदा चालतं.

आता आतल्या बाजूचं सांगते. शेजारी बसणाऱ्याला राग चेहऱ्यावर दिसायच्या आधी हातापायांत दिसतो. कुणी कट मारून गेला की शिकणाऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट आवळले जातात, बोटांची पेरं पांढरी पडतात. खांदे कानांकडे चढतात. मान पुढे येते. आणि उजवा पाय, ज्याने या घटकेला सैल व्हायला हवं, तोच अॅक्सिलरेटर दाबतो. इंजिनाचा आवाज बदलतो, आणि तो ऐकूनच माझा पाय माझ्या ब्रेकवर जातो. हे सगळं होतं ते ठरवून होत नाही, हे मला मान्य आहे. छाती धडधडणं, हात आवळणं कुणाच्याच हातात नसतं. पण पुढचा गिअर टाकणं हातात असतं. पाठलाग करायचा तर गिअर टाकावा लागतो, आरसा बघावा लागतो, लेन बदलावी लागते, पुढच्याच्या बरोबरीने वेग धरावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्यांना हे सगळं धड जमायला कितीतरी दिवस लागतात. इतकी कामं एकामागोमाग बिनचूक करणारा माणूस नंतर पोलीस चौकीत 'मला काही कळेनासंच झालं' असं सांगतो, तेव्हा माझा विश्वास बसत नाही.

या रागाची किंमतही मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने ३५००हून अधिक चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून रोजच्या ड्रायव्हिंगचा अभ्यास केला आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शुद्धीत, जागरूक राहून, रस्त्याकडे लक्ष ठेवून चालवणाऱ्याच्या तुलनेत हातात फोन घेऊन चालवणाऱ्याला अपघाताचा धोका साडेतीन पटींहून थोडा जास्त. आणि जो उघड दिसण्याइतका चिडलेला, रडवेला किंवा अस्वस्थ आहे, त्याला जवळजवळ दहापट. फोनबद्दल आपण शाळेतल्या मुलांनाही सांगतो. भांडून तणतणत घराबाहेर पडलेल्या माणसाच्या हातात किल्ली देताना मात्र कुणी काही बोलत नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांबद्दलही लिहायलाच हवं, जरी काहींना ते झोंबेल. गिअर शिकवता शिकवता येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. रिव्हर्स शिकवताना 'अक्कल गहाण टाकलीय का' असं विद्यार्थ्यालाच विचारणारेही. विद्यार्थी काय, जे कानावर पडेल ते उचलतो. पहिला, दुसरा, तिसरा गिअर आणि त्यांच्याबरोबर तीन शिव्या. दुसरीकडे शिकून माझ्याकडे सरावाला आलेला माणूस ओव्हरटेक करताना सवयीने काहीतरी पुटपुटतो. विचारलं तर म्हणतो, 'अहो, असंच असतं ना गाडी चालवताना?'

त्यावर 'काच बंद करून आपल्याआपल्यात शिव्या दिल्या तर बिघडलं कुठे, तेवढंच मोकळं वाटतं' हा युक्तिवाद ठरलेला. मला तो कधीच पटला नाही, आणि ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाचा २००२ सालचा प्रयोगही तेच सांगतो. आधी त्यांनी विद्यार्थ्यांना चिडवलं. मग काहींना बॉक्सिंगची पिशवी बडवायला दिली, ज्याने चिडवलं त्याचाच विचार करत. काहींना नुसतं गप्प बसवलं. पिशवी बडवणारे मोकळे तर झाले नाहीतच, जास्त चिडले आणि नंतर जास्त आक्रमक वागले. काही न करता बसलेले त्यांच्यापेक्षा बरे निघाले.

मग करायचं काय? मी उपदेश करत नाही, पाय शिकवते. कुणी आडवं आलं की पहिलं काम उजव्या पायाचं: अॅक्सिलरेटरवरून उचलायचा. ब्रेक दाबायची गरज असेल तर दाबायचा, नाही तर नुसता उचलायचा. दुसरं काम अंगठ्याचं: हॉर्नवरून खाली. तिसरं, पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर पुन्हा मोजून घ्यायचं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला लागायचं, आपण दोन सेकंदांच्या आत खांबापाशी पोचलो तर अंतर कमी आहे. हे मोजण्यात डोकं गुंततं आणि तेवढ्यात तो आडवा आलेला पुढे निघूनही जातो. कुणी मागे चिकटून अप्पर-डिपर मारत असेल तर त्याला धडा म्हणून ब्रेक दाबायचा नाही. उलट आपलं पुढचं अंतर वाढवायचं, म्हणजे आपल्याला अचानक ब्रेक मारावा लागत नाही आणि तो आपल्यावर आदळत नाही. जागा मिळाली की बाजूला होऊन त्याला जाऊ द्यायचं. 'म्हणजे आपण हरलो का?' हा प्रश्न मला येतोच, आणि तरुणांपेक्षा चाळिशी उलटलेल्यांकडून जास्त येतो. कसली शर्यत होती, असं मी विचारते. १० किलोमीटर अंतर ताशी ५० ऐवजी ६० च्या वेगाने कापलं तर वाचतात दोन मिनिटं, तीही वाटेत एकही सिग्नल नसेल तर.

शेजारची लेन नेहमी जास्त पळते, असं वाटण्यावर मी थोडा जास्त वेळ घालवते, कारण निम्मी चिडचिड तिथूनच सुरू होते. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट तिब्शिरानी यांनी १९९९ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात याचा उलगडा केला. आपली लेन सुटते तेव्हा आपण चार-सहा गाड्या काही क्षणांत मागे टाकतो. थांबलो की त्याच गाड्या एकेक करून सावकाश आपल्याला मागे टाकतात. म्हणजे पुढे जाण्यात आपला वेळ कमी जातो, मागे पडण्यात जास्त. शिवाय आपण मागे टाकलेल्या गाड्या नजरेआड होतात, आणि पुढे गेलेल्या डोळ्यांसमोरच राहतात. त्यांनी ड्रायव्हिंग शिकणाऱ्यांना असं एक चित्रण दाखवलं, ज्यात शेजारची लेन प्रत्यक्षात किंचित हळू होती. तरीही दहापैकी सात जणांना तीच वेगवान वाटली. हे कागदावर रेघा मारून समजावलं की माझे विद्यार्थी हसतात, आणि गर्दीत लेन बदलण्याची त्यांची घाई निदान त्या दिवसापुरती कमी होते.

शेजारी बसणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. 'सोडू नका त्याला', 'तुम्ही असं कसं ऐकून घेतलंत' ही वाक्यं बहुधा शेजारच्या सीटवरून येतात. त्या सीटवर तुम्ही असाल तर नंबर वाचू नका, त्याच्या गाडीत कोण बसलंय ते सांगू नका, व्हिडिओ काढायला फोन बाहेर धरू नका. पुढे कुठे वळायचं तेवढं सांगा. आणि कुणी खरंच पाठलागावर आलाच तर ड्रायव्हरला गाडीतून उतरू देऊ नका, दारं लॉक करा, गाडी घराकडे नेऊ नका. माणसांची वर्दळ असेल तिथे किंवा थेट पोलीस ठाण्यात न्या.

शेवटी मागणी. लायसन्सच्या चाचणीत गाडी मागे घेता येते का, उभी करता येते का, वळवता येते का, हे पाहतात. चिडवलं तर चालवता येते का, हे कुणीच पाहत नाही. मी हे एका बैठकीत मांडलं तेव्हा उत्तर मिळालं की स्वभावाची परीक्षा कशी घेणार, गुण कशाला देणार? स्वभाव राहू दे. उमेदवाराला चढावर गाडी थांबवायला सांगा. तो पुन्हा निघायच्या बेतात असताना मागच्या गाडीतून हॉर्न वाजवा, चांगला लांबलचक. त्याने हॅन्डब्रेक ओढलेला ठेवून क्लचचा बाइट पॉइंट, म्हणजे क्लच सोडताना इंजिन गाडीला ओढायला लागतं ती जागा, शोधला आणि मग गाडी काढली, तर पास. त्याने घाईत क्लच सोडला, गाडी मागे घरंगळली किंवा त्याने काच खाली करून मान बाहेर काढली, तर दुसरी तारीख द्या. परीक्षकाला नवं काही शिकावं लागणार नाही, खर्चही काही नाही. माझ्या गाडीवर मी हा सराव प्रत्येकाकडून करून घेते. हॉर्न वाजवायला मागच्या गाडीत माणूस बसवावा लागत नाही, 'एल' बघून तो आपोआप मिळतो.

आपली,
एक मोटार ड्रायव्हिंग प्रशिक्षिका