तक्त्यातला वाघ आणि उसातला बिबट्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी नात नाशिकला तिसरीत शिकते. तिला ‘अन्नसाखळी’चा प्रकल्प मिळाला. स्टेशनरीच्या दुकानात त्याची तयार चित्रं मिळतात; सुनेनं रात्री बसून ती कापली आणि थर्माकोलवर चिकटवली. गवत, हरीण, वाघ. पोरीच्या वाट्याला बाण काढायचं काम आलं, तेही तिनं उलटे काढले. वाघ हरणाला खातो, म्हणजे बाण वाघाकडून हरणाकडे! अन्न ज्याच्या पोटात जातं त्याच्याकडे बाणाचं टोक, हे चिकटवलेल्या चित्रांवरून तिला कळावं तरी कसं?

आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षवाले. इकडच्या कुठल्या पोरानं वाघाला हरीण मारताना पाहिलंय? बिबट्या मात्र सगळ्यांना ठाऊक. उसात दडतो, रात्री वस्तीवरची कुत्री उचलतो. ही कुत्री जगतात कशावर? ढाब्याच्या नि मंगल कार्यालयाच्या मागे पडलेल्या उष्ट्यावर, कुणी बांधावर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर. उकिरडा, कुत्रं, बिबट्या, ही आमची खरी साखळी. तक्त्यावर शोभणार नाही, पण पोरं ती लगेच पकडतात. उष्टं उघड्यावर का टाकू नये, ते त्यांचं तेच सांगू लागतात.

सुट्टीत नात मळ्यात आली तेव्हा तिला बागेतच नेलं. वेलीच्या सुटलेल्या सालीखाली मिलीबग असतो, म्हणजे पिठ्या ढेकूण. तो वेलीचा रस शोषतो आणि चिकटा सोडतो. त्या गोडासाठी मुंग्या खोडावर वर-खाली करत असतात, मिलीबग खायला येणाऱ्या किड्यांना हुसकूनही लावतात. राखणदारच म्हणा ना. या मिलीबगला खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा छोटा भुंगा आम्ही बागेत सोडतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात 1898 साली आणलेला. गंमत अशी, की त्याची अळीसुद्धा अंगावर पांढरा कापूस वागवते. नवखा गडी तिलाच मिलीबग समजून चिरडतो. नातीनं मात्र हातभिंगातून दोन्ही ओळखले: एक बसून राहतो, दुसरी भराभरा चालत त्यालाच खाते.

मग दोन बरण्या घेतल्या. दोन्हींत मिलीबग लागलेली जास्वंदीची फांदी, एकीत अळी सोडलेली, दुसरीत नाही. तोंडाला मलमलचं फडकं. रोज सकाळी मोजणी. अळीच्या बरणीतला आकडा घसरायला लागला तशी नात त्या अळीच्या बाजूनं झाली. वहीत तिनं बाण काढले, ते सगळे बरोबर. हे बघायला द्राक्षबागच लागते असं नाही. शहरात सोसायटीच्या जास्वंदीवर मिलीबग आणि रस्त्याकडेच्या रुईवर पिवळा मावा सापडतो. माव्यामागे ठिपक्यांचे लेडीबर्ड भुंगे येतातच.

दुसरा खेळ मुरमुऱ्यांचा. एक पोर गवत, त्याच्यापुढे हजार मुरमुरे. नाकतोड्याला त्यातले शंभर, सरड्याला दहा, शिक्र्याला, म्हणजे सरडे धरणाऱ्या शिकारी पक्ष्याला, एक. बाकीचे जगण्यात, हिंडण्या-फिरण्यात खर्च झाले असं समजायचं. एका पायरीवरून पुढच्या पायरीला साधारण दहावा हिस्साच पोचतो; निसर्गात हे प्रमाण कमी-जास्त होतं, पण लहान पोरांना एवढं पुरे. शिक्रा झालेलं पोर हमखास भांडतं. भांडू द्यावं. नाकतोडे ढीगभर आणि शिक्रे मोजके का, याचं उत्तर त्या भांडणातच निघतं.

आता सहलींचं. नाशिकच्या शाळा वॉटरपार्कला जातात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं नांदूरमधमेश्वर, 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं, ते आमच्याच तालुक्यात. हिवाळ्यात तिथं वारकरी पक्षी पाणवनस्पती खात असतात आणि वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो. तो खाली झेपावला की सगळा थवा पाणी उडवत पळतो. पाणवनस्पती, वारकरी, भोवत्या: पुस्तकातल्या साखळीच्या तिन्ही कड्या एकाच नजरेत. गाइड नुसती नावं सांगत सुटला तर त्याला थांबवून ‘हा काय खातो, याला कोण खातं’ एवढंच विचारावं.

शाळांना माझी विनंती एकच. प्रकल्पात पोरानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली साखळीच मागा, दोनच कड्यांची असली तरी चालेल. विकतची चित्रं घेऊच नका. घरी आईचं जागरण वाचेल, हा वरचा फायदा.

फळ उतरून झाल्यावर, खरड छाटणीच्या आधी आमच्या बागेत फवारणी नसते. तेव्हा एखादा वर्ग आला तर आम्ही साली सोलून दाखवू. आदल्या दिवशी तेवढं कळवावं. हातभिंग, पांढरा कागद आणि जुनी बरणी बरोबर असावी. चहा-नाश्त्याचं आम्ही पाहू.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक