शांता आपटे यांना ‘हट्टी’ म्हणून मोकळे होऊ नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या पुण्याच्या सिनेमावरचा लेख वाचला. प्रभात फिल्म कंपनीचे पाच भागीदार, १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला हलवलेला संसार, ‘अमृतमंथन’, सगळं नीट लिहिलं आहे. गायिका-नटी शांता आपटे यांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं. त्या ‘हट्टी आणि बंडखोर’ होत्या आणि एकदा तर ‘चक्क’ स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या. पुढे लगेच दुसरा विषय. तो ‘चक्क’ माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझं वय ७७. मुलींच्या शाळेत ३१ वर्षं गाणं शिकवलं, अजूनही संध्याकाळी चार-पाच मुली घरी शिकायला येतात. मी सिनेमाची अभ्यासक नाही. शांताबाई आमच्या घरात आल्या त्या आईमुळे. आई नारायण पेठेतल्या वाड्यात वाढली. १९३७ साली शांताबाईंचा ‘कुंकू’ आला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. अप्पा बळवंत चौकातल्या प्रभात टॉकीजमध्ये तिला वाड्यातल्या बायकांबरोबर पाठवलं, आणि सोबत होती तिची आत्या. आत्या बालविधवा. वयाच्या बाराव्या वर्षापासून आलवण नेसलेली. पोरक्या नीरेचं, म्हणजे शांताबाईंचं, म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावतात आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते, ही गोष्ट त्या दोघींनी शेजारी बसून पाहिली. आई सांगायची, सिनेमा सुटल्यावर आत्या लक्ष्मी रस्त्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मग थांबून तिने एवढंच विचारलं, “ती पोर खरंच नाही म्हणाली, नाही गं?”

त्या सिनेमात शांताबाईंनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गायली आहे. आई मराठी सातवी शिकलेली, इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण ते गाणं तिला सगळं पाठ होतं. तांदूळ निवडताना म्हणायची. उच्चार तिचे स्वतःचे होते, पण सूर जागच्या जागी. मी गाणं शिकले त्याच्या आधी कानावर पडलेलं हे पहिलं गाणं.

आता हट्टाविषयी. शांताबाईंचा जन्म १९१६ सालचा, अक्कलकोटजवळच्या दुधनीचा. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. पंढरपूरला गाण्याचं शिक्षण झालं, पुण्याच्या गणेशोत्सवात ती भजनं गायची, आणि १९३२ साली, सोळाव्या वर्षी, ‘श्यामसुंदर’मध्ये राधा म्हणून पडद्यावर आली. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी तो सरस्वती सिनेटोनसाठी इथे पुण्यात केला. मुंबईत तो पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. बोलपटाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. पार्श्वगायन अजून यायचं होतं. उभं राहायचं, चेहरा हलता ठेवायचा आणि त्याच क्षणी सुरात गायचं, चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसलेले, त्यांचा सूर कानावर येईल तेवढाच. माझ्या सोळा वर्षांच्या मुलींना मी नुसतं तानपुऱ्यासमोर बसून गायला सांगते तरी त्यांचे हात गार पडतात.

आणि गायची कशी! त्या काळातले बहुतेक नट गाणं आलं की नाटकातल्यासारखे समोर तोंड करून उभे राहत आणि गाणं संपेपर्यंत दुसरं काही करत नसत. शांताबाई गाताना मान वळवायच्या, डोळ्यांनी उत्तर द्यायच्या, हात बोलायचे. शब्दाचा अर्थ आधी चेहऱ्यावर यायचा आणि मग स्वर यायचा. ‘कुंकू’त तर पार्श्वसंगीतच नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, पावलं, एवढंच. अशा शांततेत एकटा गळा उघडा पडतो. संगीतकार केशवराव भोळ्यांच्या चाली आणि शांताबाईंचा तो गळा मी मुलींना आजही ऐकवते. गाण्यात अभिनय घालू नका, गाणं समजलं की अभिनय आपोआप येतो, हे मला तोंडी सांगावं लागत नाही.

त्याच ‘श्यामसुंदर’मध्ये कृष्ण झाला होता शाहू मोडक, अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातला चौदा वर्षांचा मुलगा. पुढे त्याने कृष्णाच्या भूमिका इतक्या केल्या की लोक त्याच्यापुढे हात जोडत. ज्ञानेश्वरही तोच झाला. १९९३ साली पुण्यातच तो गेला. मोठा कलावंत, त्याच्याविषयी मला आदरच आहे. पण एकाच चित्रपटातून एकाच वर्षी पुढे आलेली ही दोन मुलं. मुलाला लोकांनी देव केलं, मुलीच्या वाट्याला विशेषणं आली. हट्टी, भांडकुदळ, कडक, फटकळ. संपादक महोदय, नव्वद वर्षं होऊन गेली तरी ती विशेषणं आपण अजून छापतोच आहोत.

प्रभातमध्ये ती ‘अमृतमंथन’पासून होती. मग ‘अमरज्योती’, ‘राजपूत रमणी’, ‘कुंकू’, ‘गोपालकृष्ण’. कंपनीचा शिस्तीचा दबदबा मोठा. स्टुडिओत सगळे महिन्याच्या पगारावर, करारात बांधलेले. करार असेपर्यंत बाहेर काम करायचं नाही. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर त्यात गैर नव्हतं, कलावंत घडवायला पैसा लागतो. पण करार म्हणजे दोन बाजूंचा कागद, आणि त्यावर एका बाजूने प्रश्न विचारला की तो उद्धटपणा ठरतो. जुलै १९३९ मध्ये, ऐन पावसाळ्यात, करारावरून वाद झाल्यावर शांताबाई भावाला बरोबर घेऊन स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. देशभर नाव झालेली नटी. घरात बसून निरोप पाठवू शकली असती, कंपनी सोडून मुंबईची गाडी धरू शकली असती. ती दारात बसली, जिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला पाहील अशा जागी. उपोषण हे त्या काळात देशाने ओळखीचं केलेलं हत्यार होतं, पण ते हाती घेऊन नटीने आपल्या रोजीरोटीच्या कागदाविषयी बोलावं हे पुण्याला पचलं नाही. तेव्हा हसले असतील ते असोत, आपण तरी का हसायचं?

पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आलं. नाव वाचून वाटतं की नटीच्या गोड आठवणी असतील. तसं नाही. सिनेमात यायला निघालेल्या मुलीला हा धंदा चालतो कसा, त्यात कलावंताची आणि कामगाराची पिळवणूक होते कशी, हे ती सांगते. मी ते पुस्तक अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दोन वर्षं शोधलं. शेवटी एका जुन्या ग्रंथालयात मिळालं, पानांचे कोपरे हात लावताच तुटत होते. ग्रंथपालबाईंनी समोर बसवून हलक्या हाताने छायाप्रत करू दिली, त्यांचे उपकार आहेत.

तिच्या पुढच्या कामाकडेही बघा. तमिळ शिकून त्यांनी १९४१ साली ‘सावित्री’त सावित्रीची भूमिका केली, त्याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या. मराठी मुलीने परकी भाषा घोटून, त्या भाषेतल्या सर्वश्रेष्ठ गायिकेच्या बरोबरीने उभं राहायचं. हट्टी म्हणायचंच असेल तर या गोष्टीला म्हणा, मी आनंदाने मान्य करेन. नंतर लाहोरचे, मुंबईचे चित्रपट झाले, हळूहळू काम कमी झालं. २४ फेब्रुवारी १९६४ ला, पन्नाशीही न गाठता, अंधेरीला त्या गेल्या. त्याच फेब्रुवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या भांडाराला आग लागून प्रभातच्या मूळ फिल्म जळाल्या, तेव्हा आई हयात होती. बातमी वाचून दाखवली तर म्हणाली, “नीरा वाचली का बघ.” ‘कुंकू’ आजही बघायला मिळतो हे त्यातल्या त्यात भाग्य.

हे सगळं जुनं उगाळत नाही. मूळ मुद्दा आता सांगते. माझी एक शिष्या बारा वर्षांची, सातवीत आहे. गळा असा की षड्ज, म्हणजे सा, लावला तर मी हातातलं काम थांबवते. गेल्या वर्षी दूरचित्रवाणीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेत तिची निवड झाली. घरात पेढे वाटले, मलाही आणून दिले, मीही आनंदाने खाल्ले. मग चित्रीकरण सुरू झालं. सकाळी नऊला बोलवायचे, मेकअप करून बसवायचे, तिची पाळी यायची रात्री साडेअकराला. एकदा पोर दीड वाजता सुटली. तीन आठवड्यांत तिचा वरचा षड्ज फाटायला लागला. मी वडिलांना म्हटलं, तुम्ही सही केलेला कागद दाखवा. त्यांनी आणला. इंग्रजीत अकरा पानं. त्यांनी शेवटच्या पानावर सही केली होती, वाचलं एकही नव्हतं. साधा, कष्टाळू माणूस आहे, मुलीच्या भल्यासाठीच केलं सगळं. माझ्या भाच्याने वाचून अर्थ सांगितला. स्पर्धेनंतर पुढची काही वर्षं स्पर्धावाल्यांच्या परवानगीशिवाय तिने बाहेर कुठे गायचं नाही. आमच्या वार्षिक गुरुपौर्णिमेलासुद्धा परवानगी लागणार का, हे तिच्या आईला कुणी सांगू शकलं नाही. मला शांताबाईंचं फाटक आठवलं.

मग मी चौकशी केली तेव्हा कळलं की मुलांच्या कामासाठी २०१७ सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. निर्मात्याने आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा, तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करवायचं नाही, हेही त्यात लिहिलं आहे. यातलं एक अक्षर त्या आईवडिलांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, आणि ३१ वर्षं मी शेकडो मुलींना स्पर्धांना पाठवलं. याची मला फार खंत वाटते.

म्हणून दोन विनंत्या आहेत. हे नियम सोप्या मराठीत, चौकट करून, आपल्या पानावर छापा. सुट्टी लागायच्या आधी छापा, कारण या स्पर्धांच्या चाचण्या तेव्हाच सुरू होतात आणि पालक तेव्हाच सह्या करतात. आणि ‘जाऊ मी सिनेमात?’ पुन्हा छापून यावं यासाठी आपल्या वृत्तपत्राने शब्द टाकावा. पुण्यात प्रकाशकांची वाण नाही. लॉ कॉलेज रोडवर प्रभातच्या स्टुडिओच्या जागी आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आत प्रभातची आठवण जपणारं संग्रहालय आहे, ते चांगलंच आहे. पण रस्त्याने जाणाऱ्या मुलींना या फाटकाशी जुलै १९३९ मध्ये कोण बसलं होतं हे कळावं, अशी एक ओळीची पाटी बाहेरच्या भिंतीवर असायला हवी. पाटीवर ‘बंडखोर नायिका’ असं लिहू नये. नाव, साल आणि ‘करारासाठी उपोषण’ एवढं लिहिलं तरी पुरे.

माझ्याकडची छायाप्रत ८० पानांची वही घालतात तशा प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. आपल्या कुणा सहकाऱ्याला वाचायची असेल तर निरोप पाठवा, मी कार्यालयात आणून देईन. फक्त परत हवी आहे, कारण दर गुरुवारी त्या शिष्येला त्यातलं एक-एक पान वाचायला देते, आणि आमची निम्मी पानं अजून व्हायची आहेत.

आपली,
एक निवृत्त संगीतशिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे ३०