पाककृती जपायची तर रगडा आणि परसबागही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थी जवळ आली की गोव्यात पारंपरिक पदार्थांच्या स्पर्धांना, प्रदर्शनांना आणि छोटेखानी पाककृती पुस्तिकांना बहर येतो. महिला मंडळे, पंचायती, शाळा सगळेच त्यात हिरिरीने उतरतात, आणि तो उत्साह कौतुकाचाच आहे. मात्र या पुस्तिका चाळताना एक उणीव सतत खटकते. साहित्य आणि कृती एवढेच त्यांत छापलेले असते. वाटण कशावर वाटायचे, पदार्थ कशात शिजवायचा, पाला कोणत्या झाडाचा आणि तो कोणत्या दिवसांत खुडायचा, याबद्दल चकार शब्द नसतो. हे सारे ज्यांना ठाऊक होते त्या पिढीला ते लिहिण्याची गरजच नव्हती. आता मात्र ते न लिहिल्यामुळे पदार्थ बिघडतात, आणि दोष पदार्थाच्या माथी मारला जातो.

माशांच्या पदार्थांत घालतात त्या तिरफळाचेच पाहा. त्याचा सगळा सुगंध वरच्या सालीत असतो. आतली काळी, चकचकीत बी काढून टाकायची असते. सालही वाटणात घालायची नसते, तर नुसती ठेचून हुमण (खोबऱ्याच्या वाटणातले माशांचे कालवण) चुलीवरून उतरवण्याच्या थोडे आधी सोडायची असते. छापील कृतीत ‘तिरफळे आठ-दहा’ एवढेच वाचून एखादी नवशिकी सून ती बियांसकट खोबऱ्याबरोबर मिक्सरमधून काढते, बांगड्याचे हुमण कडवट आणि चरचरीत होते, आणि घरात तिरफळाला कायमची बंदी होते. तेरे (रानटी अळू) आणि अळू यांची गत याहून वाईट. त्यांच्या पानांत आणि देठांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे घशाला खाज सुटते. म्हणून तर अंबाड्याची आंबट फळे, चिंच किंवा सोले (आमसुले) घालून ती पुरती गळेपर्यंत शिजवण्याची रीत पडली. अंबाडे मिळाले नाहीत म्हणून आंबटच गाळणाऱ्या कृती सध्या मोबाइलवर सर्रास फिरतात; त्या लिहिणाऱ्यांनी ती भाजी स्वतः खाल्ली असेल का, अशी शंका येते.

पातोळ्यांच्या बाबतीत तर पान हेच भांडे आहे. हळदीचे पान धुऊन पुसायचे, त्यावर तांदळाचे वाटण बोटांनी पातळ पसरायचे, अर्ध्या भागावर गूळ-खोबऱ्याचे चून घालायचे आणि पान मधल्या शिरेवर दुमडून वाफेवर ठेवायचे. वाफ लागली की पानातले सुगंधी तेल पिठात उतरते. केळीच्या पानात त्याच पातोळ्या केल्या तर आकार मिळतो, वास मिळत नाही. नागपंचमीला चिरू नये, तवा ठेवू नये असा आपल्याकडे दंडक आहे, आणि उकडलेल्या पातोळ्या त्यात नेमक्या बसतात. त्या दिवशी विळी आणि तवा बाजूला राहतात म्हणून ताटात काय येते ते ठरते, म्हणजे पदार्थाचा इतिहास भांड्यांच्या मांडणीवर लिहिलेला आहे. १५ ऑगस्टला सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही पातोळ्या होतात. पान तेच, हंगाम तोच. पुस्तिकांमध्ये यातले काही नसते, ‘पातोळ्या उकडून घ्याव्यात’ एवढे मात्र असते.

आता रगड्याविषयी, म्हणजे वाटण वाटायच्या दगडाविषयी. मिक्सर फेकून द्या असे मी म्हणणार नाही. सकाळी कामावर जाणाऱ्या बाईला रगड्यावर बसवणारा माणूस स्वतः कधी रगड्यावर बसलेला नसतो. परंतु फरक काय पडतो, हे तरी नोंदवावे. मिक्सरचे पाते खोबरे कापते आणि वेगामुळे तापते. दगड ते चिरडतो, म्हणून वाटण लोण्यासारखे गुळगुळीत होते आणि रस दाट येतो. मिक्सर वापरणाऱ्याने थांबत थांबत, गार पाणी घालून वाटावे, एवढी एक ओळ छापली तरी पुष्कळ काम होईल. दगडालाही देखभाल लागते. वापरून तो गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरबरीत करावे लागते, आणि टाकी लावणारे आता दारावर येत नाहीत. परिणामी घरोघरचे रगडे परसात पडून आहेत, तर काही हॉटेलांच्या अंगणात पाणी भरून त्यांत फुले सोडलेली दिसतात. वारसा जपल्याचे समाधान त्यांना लाभो!

आंबटाच्या पदार्थांचेही असेच आहे. सोलांचा किंवा चिंचेचा रस पितळेच्या वा तांब्याच्या उघड्या भांड्यात ठेवला तर धातू त्यात उतरतो. म्हणून अशा भांड्यांना कल्हई लागे किंवा हुमण मातीच्या कुंडल्यात होई, आणि मातीला ओरखडा पडू नये म्हणून करवंटीचा दवला (डाव). आज कल्हईवाला शोधावा लागतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अजून मातीची भांडी मिळतात, हीच काय ती दिलाशाची गोष्ट.

खोला मिरची, हरमल मिरची, मयड्याची केळी, खाजे यांना भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. तेवढीच आस्था हुमणाच्या कुंडल्याविषयी आणि तिरफळाच्या झाडाविषयीही दाखवली जावी. हळद, पानओवा, गवती चहा हे फ्लॅटच्या गॅलरीतील कुंडीतही येतात, त्यांची चिंता नाही. तिरफळ आणि अंबाडा ही मोठी झाडे. कुळागरे (पोफळी-नारळाच्या बागा) विकली जाऊ लागल्यावर ती लावायची कुठे? पंचायतींच्या आणि देवस्थानांच्या मोकळ्या जागा याकामी उपयोगी पडू शकतील, आणि सरकारी रोपवाटिकांनी शोभेच्या झाडांबरोबर ही रोपे ठेवली तर लोक ती नेतील.

गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधलेल्या रानफळांची नावे आणि उपयोग चिठ्ठीवर लिहून लावण्याची चांगली पद्धत अनेक ठिकाणी दिसते. पाककला स्पर्धांच्या आयोजकांनीही प्रवेशपत्रिकेत पाला कुठून आणला, वाटण कशावर केले आणि पदार्थ कोणत्या भांड्यात शिजवला, असे तीन रकाने वाढवावेत आणि ते न भरणाऱ्या स्पर्धकाचे गुण कापावेत. यंदाच्या चतुर्थीच्या स्पर्धांपासूनच हे सुरू करता येईल. खर्च फक्त छापील कागदाच्या तीन ओळींचा आहे.

आपली,
एक वाचक, फोंडा