नवरा-बायकोची मालिका आठवड्यातून एकदाच दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी सातनंतर कुठलंही मराठी चॅनल लावा, लग्न झालेलं जोडपं दिसणारच, पण ती दोघं एकमेकांशी निवांत गप्पा मारतायत, एक काहीतरी बोललं आणि दुसऱ्याला हसू फुटलं असं काही बघायला मिळत नाही. कोण कुणाच्या दुधात काय कालवतंय आणि कोण दाराआड उभं राहून ऐकतंय, एवढंच चाललेलं असतं. आमच्याकडे जेवणाच्या वेळी टीव्ही चालू असतो, सासूबाई बघतात, मुलं बघतात, आणि संसार म्हणजे हेच असं त्यांच्या डोक्यात बसतंय याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझ्या मते यात कलाकारांचा दोष नाही, लेखकांचाही नाही, सगळा घोळ रोजच्या रतिबाचा आहे. हिशोब करून बघा, आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. फ्रेंड्स ही अमेरिकन मालिका १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं चालली आणि तिचे एकूण भाग किती, तर २३६. प्रत्येक भाग बावीसेक मिनिटांचा, लिहायला लेखकांची अख्खी टीम, शूटिंगला समोर प्रेक्षक बसवलेले, आणि एखाद्या वाक्याला ते हसले नाहीत तर तिथल्या तिथे वाक्य बदलून सीन परत घ्यायचे. मोनिका आणि चँडलर आधी मित्र, मग नवरा-बायको, आणि लग्नानंतरही ती मैत्री टिकते ती अशा मेहनतीमुळे. विनोदाला वेळ लागतो हो, आज लिहिलं, उद्या शूट केलं, परवा दाखवलं असं करून रडवता येतं, हसवता येत नाही.

आणि हे आपल्याकडे जमत नाही असं कुणी म्हणू नये. १९८४ ला दूरदर्शनवर ये जो है जिंदगी आली, शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे जोडपं, घरात मुक्कामाला बायकोचा भाऊ राकेश बेदी, आणि सतीश शाह दर भागात वेगळाच माणूस होऊन यायचे. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी रात्री. नवरा-बायको भांडायची पण ते भांडण त्या भागातच मिटायचं, पुढच्या शुक्रवारी दोघं परत ताजी. मराठीत त्याच्याही आधी चिमणराव आणि गुंड्याभाऊ होते, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. पुढे २००१ ला श्रीयुत गंगाधर टिपरे आली, तीही आठवड्यातून एकदाच. त्यातले शेखर आणि श्यामला, म्हणजे राजन भिसे आणि शुभांगी गोखले, मला आजही शेजारच्या घरातले वाटतात. पैशांची ओढाताण, मुलांची कटकट, सगळं होतं, पण एकमेकांबद्दल डूख कुणाच्याच मनात नव्हता.

दिल दोस्ती दुनियादारी मात्र रोजची होती, हे मान्य करावं लागेल. पण ती २०१५ ला सुरू झाली आणि वर्षभरात संपवली, म्हणून गोडी टिकली. माजघर नावाच्या फ्लॅटमधली ती सहा पोरं, आणि रेश्माचं लग्न मोडतं तेव्हा तिला सावरणारे ते मित्र. रेश्मा झालेली सखी गोखले ही शुभांगीताईंचीच मुलगी, म्हणजे एका घरात दोन पिढ्यांनी अशी चांगली कामं केली, हे आठवलं की बरं वाटतं.

आता आपल्या गोव्याबद्दल. २०२१ ला कोविडमुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद पडलं तेव्हा मराठी मालिकांची युनिट्स इथे आली होती, मे महिन्यात इथे लाट वाढली तशा परवानग्या रद्द झाल्या आणि ते योग्यच झालं. पण आपल्याकडे नुसत्या जागा नाहीत, माणसंही आहेत. फोंडा, डिचोली, पेडणे कुठेही जा, देवळाच्या उत्सवात मराठी नाटक असतंच आणि त्यात दिवसा ऑफिसात नाहीतर दुकानात काम करणारी मंडळी रात्री तोंडाला रंग लावून उभी असतात. एका फार्समधला सीन सांगते. नवरा बाजारातून पिशवी घेऊन येतो, बायको आत डोकावून बघते आणि म्हणते, बांगडे सांगितलेले ना? तो म्हणतो, तारले स्वस्त होते. ती काहीच बोलत नाही, पिशवी तशीच त्याच्या हातात देते आणि कोयता आणून त्याच्यासमोर ठेवते. एवढंच! तेवढ्यावर मंडपात मागच्या रांगेपर्यंत हशा, आणि माझ्या शेजारच्या आजी आपल्या म्हाताऱ्याला कोपर मारत होत्या. अशी वेळ साधणारे नट-नट्या गावोगाव असताना आपण तेच ते पुण्या-मुंबईचे दिवाणखाने का बघायचे?

म्हणून मराठी चॅनलवाल्यांना आणि पणजी दूरदर्शनलाही माझी मनापासून विनंती आहे, की नवरा-बायको आणि त्यांचे मित्र यांच्यावर अर्ध्या तासाची एक मालिका काढा, आठवड्यातून एकच भाग, सुरुवातीला तेरा भाग केलेत तरी चालेल. लेखक इथलेच घ्या आणि त्यांना लिहायला दोन-तीन महिने द्या. शूटिंग तेवढं पावसाळ्यात ठेवा, जत्रा-उत्सव सुरू झाले की आमची नाटकवाली मंडळी मोकळी नसतात.

आपली,
एक वाचक, फोंडा