मंत्रीसाहेब, एकदा आमच्या गिरणीत या

सांगली, जुलै 2025

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

काल तुमच्या कार्यालयात सव्वादोन तास बाकड्यावर बसले. शेवटी स्वीय सहायकांनी विचारलं, "तुम्ही कोण? कुणाची चिठ्ठी आणलीय का?"

साहेब, नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेला मतदारांच्या चिठ्ठ्या मीच वाटत होते. तुमच्याच उमेदवाराच्या.

मी कर्नाळ रोडकडची, पूरपट्ट्यातली. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या घराचा नुसता पत्रा दिसत होता. धान्य, शिलाई मशीन, लेकीची दहावीची पुस्तकं, सगळं गेलं. म्हणून कोपरा सभेत तुम्ही म्हणालात, "पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून पावसाळ्याआधी नाल्याच्या तोंडाला दरवाजा बसवतो," ते मी खरं धरलं. कुणी पैसे दिले नव्हते. दिले असते तर आज एवढं लागलं नसतं.

अठरा दिवस दारोदार फिरले. यादीत हजारभर नावं असतील, बाराशेही असतील. मी गुडघ्यांनी मोजलीत. कुणाकडं आजारपण आहे, कुठली सून सासूपुढं बोलत नाही, कुणाचा पोरगा पुण्याहून मतदानाला येईल, हे तुमच्या गाडीतल्या पोरांना ठाऊक नव्हतं. मतदानादिवशी केंद्रापासून 200 मीटरवरच्या टेबलाला सकाळी सहापासून बसले. शेजारच्या आजी रिक्षात बसेनात, माझा हात धरून चालत आल्या. उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख असते म्हणे. माझी झिजलेली चप्पल कुठल्या रकान्यात दाखवलीत?

दरवाजा काही बसला नाही. आता गिरणीत दळण टाकायला गेलं की बाया विचारतात, "काय ओ वहिनी, तुमचा दरवाजा कुठवर आला?" तुमचा म्हणे! त्यांचंही बरोबर आहे. त्यांनी मत तुम्हाला दिलंच नव्हतं, माझ्या तोंडाकडं बघून दिलं होतं.

दाद मागायची कुणाकडं? ऑगस्ट 2023 पासून महापालिकेत नगरसेवकच नाहीत, प्रशासक. हे खातं त्या खात्याकडं बोट दाखवतं. निवडणूक लांबली तर कुणाचं काही अडत नाही, आमच्या उंबऱ्याशी पाणी मात्र वेळेवर येतं. लोकशाही तुम्हाला अठरा दिवसांपुरतीच लागते का हो?

दरवाज्याची तारीख लेखी द्या. नसेल जमत, तर तसं आजींना स्वतः येऊन सांगा. मी त्यांना अजून "साहेब येणारेत" एवढंच सांगितलंय. सोमवारी माझं दळण आहे. गिरणी दहाला उघडते.

आपली (नोव्हेंबरपुरती) कार्यकर्ती