ट्रायकोडर्मा उन्हात का ठेवता?

महोदय,

सिन्नर तालुक्यात माझी दीड एकर बटाट्याची लावण असते. दोन वर्षांपूर्वी काढणीला बटाट्यावर काळे खवले दिसले. वाटलं माती चिकटलीय. धुतलं तरी निघेना, नखाने खरवडलं तेव्हा निघालं. ही रायझोक्टोनिया बुरशी. व्यापाऱ्याने अर्थातच भाव पाडला.

यावर उपाय म्हणून गेल्या वर्षी लावणीआधी ट्रायकोडर्मा हे जैविक औषध आणलं. दोन किलो पावडर शंभर किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ती वाढावी म्हणून ओलं गोणपाट टाकून लिंबाखाली ठेवली. आठ दिवसांत वर पांढरी जाळी, मग हिरवट झाक यायला हवी. माझा ढीग शेणाच्याच रंगाचा राहिला! पाकिटं आणली ते दुकान आठवलं: पत्र्याचं शेड, दुपारचं ऊन, आणि दारातच रचलेली खोकी. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी. रोगाच्या बुरशीला वेटोळे घालून ती तिला खाते. उन्हात भाजून मेली, की उरते नुसती पावडर. लेबलवर ग्रॅमला वीस लाख जिवंत बीजाणू लिहिलेले, पण पाकिटात किती उरले हे कोण बघतं?

खतांचे नमुने तपासतात, तसे कृषी विभागाने जैविक औषधांचेही दुकानातूनच, तेही एप्रिल-मेमध्ये घ्यावेत. आणि विक्रेत्यांनी एक सांगावं: बेण्याला रासायनिक बुरशीनाशक चोळून लगेच ट्रायकोडर्मा लावू नका. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा दुसरीकडून ताजं आणलंय. परवा गोणपाट उचललं, कडेला पांढरं दिसतंय.

– एक बटाटा उत्पादक, सिन्नर, जि. नाशिक