‘नैसर्गिक रंगाचे’ म्हणून विकलेल्या रंगवलेल्या लाकडाबद्दल तक्रार

दिनांक : 5 जानेवारी 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नवशिक्यांसाठीच्या इंटार्शिया (वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून चित्र करण्याच्या) संचात रंगवलेले आणि ओले लाकूड मिळाल्याबद्दल, पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

24 नोव्हेंबरला मी तुमच्या वेबसाइटवरून कठीण लाकडांच्या कटपीसचा 5 किलोचा संच 2,850 रुपयांना मागवला. 1 डिसेंबरला तो चिपळूणला घरी पोचला. साग, शिसव, हेदू, कुडा आणि बाभूळ अशी पाच लाकडे, ‘सर्व रंग नैसर्गिक, लाकूड पूर्ण सीझन केलेले’ (म्हणजे नीट सुकवलेले) असे पेटीवर छापले आहे. यातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. शिसव म्हणून दिलेले लाकूड काळ्या रंगात बुडवलेले कुठलेसे फिकट लाकूड आहे आणि कुडा ओला आहे.

26 डिसेंबरला मी ई-मेल केला. चार दिवसांनी तुमचे उत्तर आले की कोकणातल्या दमट हवेने लाकूड हलते आणि नवशिक्यांकडून हाताळणीत चुका होतातच. त्या उत्तरामुळेच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

मी हे काम वर्षभरापूर्वी शिकायला घेतले. आमच्या गल्लीतल्या सुतारमामांकडून उरलेसुरले तुकडे आणायचे, नमुन्याचा कागद चिकटवायचा आणि स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याच्या यंत्रकरवतीवर, कापायचे, असे चालले होते. पहिले पान, मग मासा. इंटार्शियात रंगाचा डबा नसतो. लाकडाचा स्वतःचा रंग आणि त्याच्या रेषांची दिशा एवढ्यावरच चित्र उभे राहते, आणि प्रत्येक तुकडा घासून गोलाई दिली की ते उठून दिसते. त्यामुळे लाकूड निवडणे हेच अर्धे काम. आमच्या घरामागच्या वडावर कवड्या धनेश येतात. पाठ काळी, पोट पांढरे, चोच पिवळी. मला तो 23 तुकड्यांत करायचा होता. सुतारमामांकडे साग भरपूर, पण काळे आणि शुभ्र लाकूड नाही. तुमच्या संचात शिसव, कुडा आणि हेदू एकत्र दिसले म्हणून तो घेतला.

पंखाचे नऊ तुकडे मी ‘शिसवा’तून कापले. पहिल्याच कापाला कड फिकट दिसली, भुसाही पांढुरका पडला. शिसवाच्या बाहेरच्या बाजूला पांढरा थर असतो हे ऐकून होते, म्हणून तो भाग आला असेल असे समजून पुढे कापत राहिले. मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने कडा गोल करायला घेतल्या आणि काळा रंग निघून गेला. नऊच्या नऊ तुकड्यांना मधे काळा ठिपका आणि भोवती पिवळट कडा. सुतारमामांनी एक तुकडा हातात घेऊन आडवा चिरला आणि म्हणाले, “ताई, झाडाचा गाभा काळा असतो आणि बाहेर पांढरं. इथे उलटं आहे.” त्यांनी नुसत्या पाण्याने भिजवलेले फडके त्यावर फिरवले, फडके काळे झाले. मग त्यांच्याकडच्या जुन्या शिसवी पलंगाच्या पायाची ढलपी काढून दाखवली. ती आत-बाहेर जांभळट तपकिरी होती आणि तिला गोडसर वासही होता.

लाकूड रंगवणे हा गुन्हा आहे असे माझे म्हणणे नाही. तुमच्या पत्रकात इटलीतल्या उर्बिनोच्या राजवाड्यातल्या 15 व्या शतकातल्या, लाकडी तुकड्यांच्या चित्रांनी मढवलेल्या अभ्यासिकेचा अभिमानाने उल्लेख आहे. इटलीतले जुने कारागीरही लाकूड रंगाच्या पाण्यात उकळत आणि गरम वाळूत कडा भाजून सावली आणत. पण ते सपाट काम होते आणि आपण रंगवलेले लाकूड वापरतो आहोत हे त्यांना माहीत होते. तुमचा संच घासून गोलाई देण्याच्या कामासाठी विकला जातो. त्यात पृष्ठभागापुरते रंगवलेले लाकूड देऊन वर ‘नैसर्गिक’ लिहिणे ही फसवणूक आहे.

आता कोकणच्या हवेबद्दल. कुड्यातून पोटाचे सहा तुकडे कापले, एकमेकांना आणि सागाच्या फांदीला अगदी नीट बसवले. आठवड्याने पाहिले तर फटी. वाटले, पाते तिरके चालले. टेबलाला गुण्या लावून पाते काटकोनात आहे का ते तपासले, नवे पाते चढवले, दोन तुकडे पुन्हा कापले. पुन्हा फटी. नमुन्याच्या कागदावर 58 मिमी रुंद असलेला तुकडा 18 दिवसांनी 56 मिमी भरला. शेजारीच ठेवलेले सुतारमामांच्या सागाचे तुकडे मात्र कागदावरच्या रेघेला तंतोतंत होते. हवा दोघांना एकच होती.

शेवटी पेटीतला प्लास्टिकमधून न काढलेला कुड्याचा तुकडा उघडला. प्लास्टिकला आतून दव धरले होते. त्याचा मधला भाग कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केले : 148 ग्रॅम. ओव्हनमध्ये 103 अंशांच्या आसपास ठेवून, वजन उतरायचे थांबेपर्यंत दर तासाला मोजत राहिले. शेवटचे वजन 112 ग्रॅम. म्हणजे कोरड्या लाकडाच्या 32 टक्के पाणी. घरात ठेवायच्या कामाला 8 ते 12 टक्क्यांचे लाकूड लागते. 32 टक्के हे ओल्या लाकडाचे माप आहे. सुतारमामांच्या सागाचा तुकडाही तसाच तपासला. तो 90 चा 80 झाला, म्हणजे साडेबारा टक्के.

तक्रार नसलेल्या गोष्टीही सांगते. तुकड्यांची जाडी 14 ते 22 मिमी अशी कमीजास्त होती. या कामात ती उपयोगीच पडते. बाभळीच्या तुकड्यात तुटका खिळा निघाला आणि एक पाते गेले, पण कटपीसमध्ये खिळा असू शकतो. लोहचुंबक फिरवून बघणे माझे काम होते. हेदू उत्तम आहे, चोच फार सुंदर झाली.

मला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. जवळजवळ तीन आठवडे मी चूक माझ्या हाताची धरून चालले. रोज संध्याकाळी दीड-दोन तास तेच तुकडे पुन्हा घासत होते, हे काम आपल्याला जमणारे नाही असे म्हणत होते. मुरलेल्या सुताराला हे लाकूड देऊन बघा, तो पेटी उघडताक्षणी परत करील. तुम्ही ते मुद्दाम ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून विकता, आणि नवशिक्याला लाकडाची पारख नसते. त्याला फट दिसली की तो स्वतःलाच दोष देतो. तुमच्या उत्तरातही तुम्ही तोच दोष माझ्यावर ठेवलात.

माझ्या मागण्या अशा. संचाचे 2,850 रुपये पूर्ण परत करावेत आणि पेटी तुमच्या खर्चाने घेऊन जावी. त्या काळ्या रंगात काय आहे ते लेखी कळवावे, कारण त्याची धूळ माझ्या खोलीत उडाली आहे. मी मास्क लावते, पण घरात सहा वर्षांची नात आहे. वेबसाइटवरचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सीझन केलेले’ हे शब्द काढावेत आणि ज्यांनी हा संच घेतला त्यांना खरे काय ते कळवावे. त्यांच्यातही कुणीतरी फटींकडे बघत बसले असेल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवे. पोच वेळेत मिळाली नाही. 26 जानेवारीला महिना पूर्ण होतो. तोपर्यंत पैसे जमा झाले नाहीत, तर मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

पंखाचे नऊ तुकडे आणि पोटाचे सहा मी जपून ठेवले आहेत. तुमचा माणूस पाहायला आला तर दाखवीन.

आपली,
एक ग्राहक, चिपळूण

सोबत : बिलाची प्रत, पेटीवरच्या मजकुराचा फोटो, घासण्याआधीचे व नंतरचे तुकडे, काळे झालेले फडके, काट्यावरच्या वजनांचे फोटो.